झाकण

एसएलआरचं वरचं झाकण पत्र्याचं,
साबणाच्या डबीसारखं. सरकवलं की बसतं,
म्हणजे बसलंय असं वाटतं.
अंगठ्यानं दाबून पाहा, कुरकुरतं.
त्याच्यावर दुर्बीण लावायची
म्हणजे हातगाडीवर कॅरम मांडायचा.

टेबलावर आज तीन माउंट आहेत.
एक पत्र्याचाच, वर पट्टी रिव्हेट केलेली,
आहेरातल्या भांड्यासारखा चकचकीत.
दुसरा बाजूनं लटकणारा,
रिकामी पुंगळी उडाली की
पहिली त्याच्यावरच आपटते.
तिसरा भोसरीच्या कुठल्याशा शेडमधला,
अख्ख्या ठोकळ्यातून कापलेला, जड,
कडा अजून बोटाला लागतात,
पण दोन्ही बाजूंचे चार स्क्रू
आतल्या खाचेला दात आवळल्यासारखे धरतात.

औंधच्या आयटीआयमधून आलेली रेवती कानगुडे
चकचकीत उचलते.
मीही तोच उचलला होता,
शहाऐंशी साली, खडकीत, याच टेबलावरून.
गुलमोहम्मद मिस्त्री तेव्हा काही बोलले नाहीत,
नुसत्या तीन गोळ्या झाडायला लावल्या.
पहिली बरोबर. दुसरी वीतभर वर.
तिसरी कुठे गेली
ते अजून कळलेलं नाही.

मला मिस्त्रींएवढा धीर नाही.
मी सांगून टाकतो.

तेल पुसायचं आधी, सगळं, खाचेतलंसुद्धा.
स्क्रू एकदम पिळायचे नाहीत,
समोरासमोरचे, थोडे थोडे,
पोळपाटावर पोळी फिरवतेस तसे.
ती म्हणते, सर, मला पोळ्या येत नाहीत.
बरं. मग स्कूटरच्या चाकाचे नट.
ते येतात.

रिंगा. मग दुर्बीण. मग डोळा किती लांब,
हे पुस्तकात असतं आणि माझ्या उजव्या भुवईवर
अर्ध्या चंद्राएवढं लिहिलेलंही आहे.
ती बघते आणि दोन बोटं मागे सरकते.

राहिली काचेतली फुली.
ती उभी आहे की तिरकी,
हे डोळ्याला विचारायचं नाही, डोळा हो म्हणतो.
मी खणातून बाबांचा ओळंबा काढतो.
पितळी, भोवऱ्याएवढा, दोरीला
जुना चुना अजून चिकटलेला.
बोपोडीत बाबांनी या दोरीनं
किती भिंती सरळ केल्या, आणि एक
ठेकेदार घाईत होता म्हणून केली नाही,
तिच्याबद्दल ते शेवटपर्यंत बोलायचे.

पंचवीस पावलांवर, गेटच्या हुकाला टांगला.
वारा पडेपर्यंत थांबलो.
रेवती डोळा लावते.
रिंग जराशी ढिली, जराशी फिरव,
अजून केसभर…

सर.
काय?
दोरी धूसर आहे. दोरीमागची बाई स्पष्ट दिसतेय.

क्वार्टरच्या गच्चीवर कोणी कुरडया वाळत घालत होतं.
मीही पाहिलं.
हातातलं ताट, ताटाला गेलेला पोचा,
कानामागे खोचलेली बट,
आणि बरोबर मधोमध, उभी आडवी, आमची फुली.

ब्रीचब्लॉक काढून टेबलावर ठेवलेला होता,
फडक्यावर, मी दोनदा पाहिलेला.
तरी मी शिकंजा सोडला
आणि नळी खाली, मातीकडे वळवली.
दोघंही काही वेळ काही बोललो नाही.
तिकडे ती बाई
एकेक कुरडई नीट अंतर ठेवून मांडत होती.

ही रायफल कुठे जाणार ते कागदावर असतं.
तो कागद मी सहीपुरता पाहतो.

मग दोरी दुसरीकडे हलवली, कोऱ्या भिंतीसमोर,
परत सगळं पहिल्यापासून.

शेवटी स्क्रूवर खूण करायची असते,
डोक्यावरून धातूवर एक रेघ,
रेघ तुटली की समजावं, हललंय.
पांढरा रंग वाळून दगड झाला होता.
रेवतीनं पर्समधून नेलपेंट काढलं, डाळिंबी.
चार स्क्रू, चार रेघा, हात न थरथरता.

मी म्हटलं, चालेल.

तिनं ओळंबा उतरवला, दोरी गुंडाळायला घेतली,
उलटी.
मी हातातून घेतली, सोडली,
आणि बाबा गुंडाळायचे तशी
परत गुंडाळली.